ब्रूस लीची पत्रिका: चार स्तंभ आणि सायन कुंडली एकाच टेबलावर

२७ नोव्हेंबर १९४०, सकाळी ७ वाजून १२ मिनिटे, सॅन फ्रान्सिस्को. ब्रूस लीची ही जन्मवेळ पाश्चात्त्य ज्योतिषाच्या अभ्यासात नेहमी वापरली जाते. ड्रॅगनच्या वर्षी, ड्रॅगनच्या तासाला जन्मला, हे तर त्याच्या चाहत्यांना पाठच असते. चिनी ‘चार स्तंभ’ म्हणजे बा-त्झ (वर्ष, महिना, दिवस आणि तास यांचा एकेक स्तंभ, प्रत्येकात वरचे अक्षर तत्त्वाचे आणि खालची शाखा प्राण्याची) आणि पाश्चात्त्य सायन कुंडली (राशी वसंतसंपातापासून मोजणारी) एकत्र वाचायला शिकताना हे प्रकरण दोन कारणांनी उपयोगी पडते. त्याच्या आयुष्यातल्या मोठ्या घटनांच्या तारखा जगजाहीर आहेत. आणि जन्मवेळ अशा नेमक्या जागी पडली आहे की दोन्ही पद्धतींचे कच्चे दुवे एकदमच उघडे पडतात.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. या दोन्ही पद्धतींची भाकिते वैज्ञानिक कसोटीला उतरलेली नाहीत. इथे तपासायचे आहे ते एवढेच: पद्धत तिच्या स्वतःच्या नियमांनी नीट चालवली का, आणि ‘दोन्हीकडून तेच उत्तर आले’ हा दावा कधी खरा धरायचा. आमच्या मते हा दावा बहुतेक वेळा पोकळ असतो, कारण आकाशातली एकच गोष्ट दोन नावांनी दोनदा मोजलेली असते.

वेळ कोणत्या घड्याळाची

पहिली चूक इथेच होते. सॅन फ्रान्सिस्कोत त्या दिवशी पॅसिफिक प्रमाणवेळ होती, जागतिक वेळेच्या ८ तास मागे. युद्धकाळात घड्याळ पुढे केले गेले ते फेब्रुवारी १९४२ मध्ये, म्हणजे त्याचा इथे संबंध नाही. ७:१२ म्हणजे जागतिक वेळेने १५:१२. पाश्चात्त्य कुंडलीला एवढे पुरते.

चिनी गणिताला दोन वेगळी घड्याळे लागतात. वर्ष आणि महिना ठरतो सूर्याच्या सायन अंशांवरून. तो क्षण जगभर एकच असतो, म्हणून तिथे जागतिक वेळच वापरायची. दिवस आणि तास मात्र जन्मगावच्या सूर्यावरून ठरतात. त्यासाठी स्थानिक वेळ हवी.

‘चिनी पत्रिका आहे ना, मग चीनची वेळ घाला’ असे करणारे बरेच आहेत. १५:१२ जागतिक वेळ म्हणजे चीनच्या आजच्या प्रमाणवेळेने रात्रीचे २३:१२. चिनी तास आपल्या दोन तासांचा, आणि उंदराचा तास २३:०० ला सुरू होतो, आणि अनेक परंपरांत दिवसही तिथेच बदलतो. त्यामुळे पुढचा दिवस लागतो, दिवसाचा स्वामी (दिवसाचे वरचे अक्षर) यांग लाकडाऐवजी यिन लाकूड होतो आणि ड्रॅगनचा तास उंदराचा होतो. चारपैकी दोन स्तंभ गेले. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये जन्मलेल्या मराठी मुलांच्या पत्रिका एखाद्या ॲपवर काढताना हीच चूक हमखास होते.

आता स्थानिक वेळ. सॅन फ्रान्सिस्को १२२ अंश २५ कला पश्चिम रेखांशावर आहे आणि प्रमाणवेळ १२० अंशांची. फरक २ अंश २५ कला, दर अंशाला ४ मिनिटे, म्हणून रेखांतर संस्कार वजा ९ मिनिटे ४० सेकंद. वेळ झाली ७:०२. त्यावर वेलांतर: नोव्हेंबरच्या अखेरीस खरा सूर्य मध्यम (सरासरी चालीच्या) सूर्याच्या सुमारे १२ मिनिटे पुढे असतो. ते मिळवले की खरी सौर वेळ येते ७:१४. ड्रॅगनचा तास ७ ते ९. कच्चे घड्याळ, मध्यम स्थानिक वेळ, खरी सौर वेळ, तिन्हींनी ड्रॅगनच येतो. पण मधल्या हिशेबात उरतात जेमतेम दोन मिनिटे.

लोकप्रिय चरित्रांत ‘सकाळी ६ ते ८, ड्रॅगनचा तास’ असे वाक्य फिरते. ते चूक आहे. ६ ते ७ हा सशाच्या तासाचा उत्तरार्ध आहे. या चुकीची किंमत किती, ते शेवटी पाहू.

मुंबईच्या जन्मासाठी हा संस्कार याहून मोठा आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० कलांची आणि मुंबई ७२ अंश ५० कलांवर, म्हणजे वजा ३८ मिनिटे ४० सेकंद. २७ नोव्हेंबरला मुंबईत घड्याळात ७:१२ वाजता जन्मलेल्या बाळाची मध्यम स्थानिक वेळ ६:३३ आणि खरी सौर वेळ ६:४५. दोन्हींनी तास सशाचा, ड्रॅगनचा नाही. त्यातून जन्म १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळातला असेल तर भारतातले घड्याळ एक तास पुढे होते, तो तास आधी काढायचा. १९५५ पर्यंत मुंबईत ‘बॉम्बे टाइम’ही चालू होता. जुन्या वहीत लिहिलेली वेळ नक्की कोणती, हे घरच्यांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दोन कोऱ्या पानांवर दोन पत्रिका

वाचन दोन वेगळ्या पानांवर करायचे आणि एक पूर्ण झाल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही. दोन माणसांनी केले तर उत्तम. एकाच पानावर दोन्ही मांडले की डोळा आपोआप जुळणी शोधू लागतो.

पाश्चात्त्य पान: रवी सायन धनूत सुमारे ५ अंश १५ कला. लग्नही (पूर्व क्षितिजावर उगवणारी रास) धनू, सुमारे ६ अंश. दशम बिंदू कन्येच्या २१ अंशांवर. चंद्र वृश्चिकेत ११ अंशांच्या आसपास. मंगळ आणि बुधही वृश्चिकेत, मंगळ ४ अंशांजवळ. गुरू आणि शनी दोघेही वृषभेत, वक्री, पहिल्या दहा अंशांत. १९४०-४१ मध्ये त्यांची तिहेरी (तीनदा घडलेली) युती झाली होती, तिचाच हा काळ. चंद्राच्या समोर शनी-गुरू हा या कुंडलीचा कणा आहे. रवी लग्नबिंदूच्या एक अंशभर वर आहे, म्हणजे जन्म सूर्योदयानंतर दहा मिनिटांच्या आत.

इथे आपल्याकडच्या सॉफ्टवेअरचा एक सापळा आहे. ते मुळात निरयन (राशी ताऱ्यांवरून मोजण्याची आपली रीत) धरून चालते. १९४० चा अयनांश, म्हणजे दोन्ही मोजणींतला फरक, सुमारे २३ अंश. तो वजा झाला की रवी आणि लग्न दोन्ही वृश्चिकेत येतात आणि चंद्र तुळेत, स्वाती नक्षत्रात. निरयन पत्रिका म्हणून ते बरोबरच आहे, पण चार स्तंभांशी तिची सांगड घालताना गोंधळ होतो. चिनी २४ सौर पर्वे (सूर्याच्या वाटेचे १५-१५ अंशांचे टप्पे) सायन आहेत. मकर संक्रांत जानेवारीत धरणाऱ्यांना हे सुरुवातीला विचित्र वाटते. चिनी दक्षिणायनान्त मात्र खऱ्या दक्षिणायनान्तालाच, डिसेंबरच्या २१-२२ तारखेला असतो. ही जुळणी करायची तर सेटिंगमध्ये सायन निवडायचे आणि निरयन पान बाजूला ठेवायचे.

चिनी पान: वर्ष गंग-चन, म्हणजे यांग धातू आणि ड्रॅगन. महिना दिंग-हाय, यिन अग्नी आणि डुक्कर. दिवस ज्या-शू, यांग लाकूड आणि कुत्रा. तास वू-चन, यांग माती आणि पुन्हा ड्रॅगन.

दिवसाचे वरचे अक्षर म्हणजे जातक स्वतः: यांग लाकूड, उभे मोठे झाड. वर्षातला यांग धातू हा त्याच्यावरचा वार, चिनी नाव ‘छी-शा’: दबाव, शस्त्र, लढत. महिन्यातला यिन अग्नी म्हणजे ‘शांग-ग्वान’: प्रदर्शन, नियम मोडण्याची ओढ, आणि धातू वितळवणारी आच. मातीचा पसारा मोठा आहे, ड्रॅगन-कुत्रा-ड्रॅगन आणि वर यांग माती. कुत्रा आणि ड्रॅगन एकमेकांचे विरोधी, त्यामुळे दिवसाचा स्तंभ दोन्हीकडून धक्के खातो. आधार कुठे, तर डुकराच्या पोटात दडलेल्या पाण्यात आणि लाकडात. जन्म थंडीचा, म्हणून अग्नी हवाच. आमच्या वाचनात झाड किंचित दुर्बळाकडे झुकते आणि त्याला पाणी-लाकडाची मदत लागते. इथे मतभेद आहेत, आणि ते नोंदवून ठेवावेत.

दहा-दहा वर्षांचे भाग्यस्तंभ: पुरुष आणि यांग वर्ष, म्हणून पुढच्या दिशेने मोजायचे. जन्मापासून पुढच्या सौर पर्वापर्यंतचे अंतर पाहायचे. सूर्य २५५ अंशांवर पोहोचतो ७ डिसेंबरला जागतिक वेळेने सकाळी सहाच्या सुमारास. अंतर ९ दिवस १५ तास. ३ दिवसांचे १ वर्ष, १ दिवसाचे ४ महिने, दोन तासांचे १० दिवस. उत्तर ३ वर्षे अडीच महिने. म्हणजे पहिला स्तंभ फेब्रुवारी १९४४ मध्ये सुरू होतो आणि पुढचे बदल फेब्रुवारी १९५४, १९६४, १९७४ मध्ये. नुसत्या तारखा वजा केल्या तर गडबड होते: त्या क्षणी चीनमध्ये ७ डिसेंबर होता आणि सॅन फ्रान्सिस्कोत ६ डिसेंबरची रात्र. एकाने १० दिवस धरले आणि दुसऱ्याने ९, तर चार महिन्यांचा फरक पडतो. विंशोत्तरी महादशेची सवय असलेल्यांनी एवढे लक्षात ठेवावे की इथे चंद्रनक्षत्राचा काही संबंध नाही. हे अंतर फक्त सूर्याचे आहे.

कोणती गोष्ट दोनदा मोजली जाते

आता दोन्ही पाने शेजारी ठेवायची. पण जुळणी शोधण्याआधी कोणत्या गोष्टी मुळातच एक आहेत त्या खोडायच्या.

पहिली: रवीची रास आणि महिन्याचा स्तंभ. दोन्ही एकाच सायन सूर्यावरून निघतात, फक्त अर्ध्या राशीचा सरक आहे. डुकराचा महिना सूर्य २२५ ते २५५ अंशांत असताना, म्हणजे वृश्चिकेच्या मध्यापासून धनूच्या मध्यापर्यंत. ‘धनूचा रवी आणि डुकराचा महिना, दोघांनीही तेच सांगितले’ हे विधान म्हणजे ‘तो नोव्हेंबरअखेर जन्मला आणि तो नोव्हेंबरअखेरच जन्मला’ असे म्हणणे आहे.

इंटरनेटवर बारा प्राणी आणि बारा राशींचा एक तक्ता सगळीकडे सापडतो: ड्रॅगन म्हणजे मेष, डुक्कर म्हणजे वृश्चिक, उंदीर म्हणजे धनू. तो महिन्यांवरून ढोबळपणे बसवलेला आहे आणि आपल्या प्रकरणात लगेच फसतो, कारण डुकराच्या महिन्याच्या उत्तरार्धात सूर्य धनूत आहे. जुनी चिनी जोडणी वेगळी आहे आणि उलट्या क्रमाने जाते: उंदीर कुंभ, बैल मकर, वाघ धनू, ससा वृश्चिक, ड्रॅगन तूळ, असे करत डुक्कर मीन. महिन्याच्या शाखा डुक्कर, उंदीर, बैल अशा पुढे सरकतात, तर सूर्याचे घर वाघ, बैल, उंदीर असे मागे. म्हणून डुकराच्या महिन्यात मध्यपर्व (महिन्याच्या मधले सौर पर्व) उलटले की सूर्य वाघाच्या घरात, म्हणजे धनूत असतो. डुक्कर आणि वाघ ही चिनी शास्त्रातली मित्रजोडी याच हिशेबात बसते.

या राशी चीनला नव्या नाहीत. तांग काळापर्यंत (सातवे ते दहावे शतक) बौद्ध ग्रंथांतून आणि तिथे नोकरीला असलेल्या भारतीय घराण्यांतल्या ज्योतिर्विदांकडून त्या तिकडे गेल्या. गौतम सिद्ध यांनी ७१८ साली नवग्रहांचे करण (ग्रहगणिताची पोथी) चिनीत उतरवले होते. सात ग्रह आणि चार छायाबिंदू वापरणाऱ्या जुन्या चिनी कुंडलीपद्धतीत राहू-केतूही आहेत. त्यामुळे ‘दोन अगदी अलिप्त संस्कृती’ हे गृहीतकच थोडे लंगडे आहे. बा-त्झमध्ये मात्र ग्रहांची प्रत्यक्ष स्थाने येत नाहीत, सूर्य सोडून कुणाचेच नाही.

दुसरी: लग्न आणि तासाचा स्तंभ. इथे दोन्हींचा अर्थ एकच, जन्म सूर्योदयाला. चिनी पद्धतीत महिना आणि तास यांवरून ‘मिंग-गोंग’ नावाचे जीवनगृह काढतात. ते म्हणजे कागदी लग्नच. त्यात सशाच्या तासाला, म्हणजे ५ ते ७ दरम्यान, सूर्य क्षितिजावर असतो असे धरलेले आहे. ब्रूस लीला ड्रॅगनचा तास, म्हणून एक घर पुढे: बैल, मकर. खरे लग्न मात्र धनू. कारण सॅन फ्रान्सिस्कोत त्या दिवशी सूर्य उगवतो ७:०३ च्या सुमारास, आणि कागदी रीत ऋतू व अक्षांश विचारात घेत नाही. दोन्ही पानांवर ‘लग्न’ वेगळे दिसले की लोक त्यातून ‘दुहेरी व्यक्तिमत्त्व’ काढतात. हा निव्वळ ढोबळ गणिताचा परिणाम आहे, त्यातून काहीही काढू नये.

तिसरी गोष्ट सर्वांत फसवी: वर्षाचा प्राणी आणि गुरू. बारा वर्षांचे चक्र गुरूच्या फेऱ्यावरूनच आले आहे, पण गुरूला ११.८६ वर्षे लागतात. दर चक्राला ०.१४ वर्षांचा फरक साचत जातो आणि साधारण ८६ वर्षांत एका राशीचा होतो. विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत जुन्या जोडणीप्रमाणे प्राणी आणि गुरूची रास बऱ्यापैकी जुळून होते. ड्रॅगनची मित्र-शाखा कोंबडा, आणि कोंबड्याची रास वृषभ. १९४० मध्ये गुरू वृषभेत होताच. म्हणजे ‘ड्रॅगनचे वर्ष’ आणि ‘गुरू वृषभेत’ हे या प्रकरणात एकाच साक्षीदाराचे दोन जबाब आहेत.

मग स्वतंत्र काय उरते? चिनी बाजूला दिवसाचा स्तंभ, कारण तो ६० दिवसांच्या अखंड मोजणीतून येतो आणि आकाशातल्या कुठल्याच ग्रहाशी बांधलेला नाही. आणि काही अंशी भाग्यस्तंभांचा प्रारंभ. पाश्चात्त्य बाजूला चंद्र, मंगळ, शनी. खरी जुळणी शोधायची ती यांच्यातच.

तत्त्वांबद्दल थोडक्यात. चीनची पाच: लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. पश्चिमेची चार, आपली पंचमहाभूते निराळी. धातूला वायू किंवा आकाश मानून तक्ता बनवणे ही शुद्ध मनमानी आहे. धनू अग्निराशीची, म्हणून चिनी पानावरचा यिन अग्नी बलवान, असेही म्हणता येत नाही. चिनी हिशेबात तो अग्नी हिवाळी पाण्यावर बसला आहे, त्याचे बळ ऋतूवरून आणि मुळांवरून (खालच्या शाखांत दडलेल्या त्याच तत्त्वावरून) ठरते. कुत्र्याच्या पोटात त्याला एक मूळ आहे, तेवढेच.

चार वर्षांची तपासणी

१९६४. ऑगस्टमध्ये लाँग बीचच्या कराटे स्पर्धेत त्याचे प्रात्यक्षिक झाले, त्याच महिन्यात विवाह. पाश्चात्त्य पानावर गुरू एप्रिलपासून पुन्हा वृषभेत, जन्मस्थानी. चिनी पानावर ड्रॅगनचे वर्ष, स्वतःच्या प्राण्याचे. वा, जुळले! पण हे दोन्ही वयाच्या चोविशीला प्रत्येकाच्याच वाट्याला येतात, आणि वर सांगितल्याप्रमाणे ते एकच आहेत. खरी दखल घ्यावी ती भाग्यस्तंभाच्या बदलाची. फेब्रुवारी १९६४ पासून गंग-यिन, यांग धातू आणि वाघ. धातू म्हणजे पुन्हा छी-शा, लढतीचे मैदान. वाघ म्हणजे यांग लाकडाचे स्वतःचे घर, शिवाय महिन्यातल्या डुकराशी मैत्री. वार मोठा, पण तो झेलायला मूळही मिळाले. हा बदल गुरूच्या फेऱ्याशी बांधलेला नाही. म्हणून १९६४ साठी ‘भाग्यस्तंभ आणि गुरू’ अशी दोन साक्षीदारांची नोंद करता येते. ‘ड्रॅगन वर्ष आणि गुरू’ अशी नाही.

१९७०. पाठीला गंभीर इजा, त्यानंतर कित्येक महिने सक्तीची विश्रांती. पाश्चात्त्य पानावर वर्षाच्या पूर्वार्धात शनी आपल्या जन्मस्थानी परतलेला. चिनी पानावर गंग-शू वर्ष: जन्मवर्षाचाच यांग धातू, आणि ड्रॅगनचा विरोधी कुत्रा. वाचणारा खूश होतो. थोडे गणित केले की उत्साह ओसरतो. तीस वर्षांनी वरचे अक्षर तेच येते, कारण ती दहाच्या चक्रात बसतात. आणि खालची शाखा बरोबर समोरची येते, कारण तीस वर्षांत बाराची दोन चक्रे होऊन सहा घरे उरतात. म्हणजे तिशीला हा विरोध प्रत्येकाला असतो. शनीचा फेरा साडेएकोणतीस वर्षांचा, तोही प्रत्येकाला. शनीचे दोन फेरे आणि गुरूचे पाच मिळून जवळजवळ साठ वर्षे होतात, साठाचे चक्र त्याच्या शेजारीच बसते. इथे वाचले जाते ते तिशीचे वय, ब्रूस ली नव्हे.

तरी या वर्षात एक खरा धागा सापडतो. कुत्रा ही त्याच्या दिवसाचीही शाखा आहे, त्यामुळे १९७० चा कुत्रा थेट ‘स्वतः’वर येऊन बसतो आणि तासाच्या ड्रॅगनलाही भिडतो. आणि शनी ज्या अंशांवर परतला, त्याच्या समोर त्याचा चंद्र आहे. दिवसाची मोजणी आणि चंद्राचे स्थान यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दोघांनी एकाच वर्षावर, देहाच्या आणि मनाच्या आधारावर ताण सांगितला, ही या प्रकरणातली सर्वांत चांगली जुळणी. घटना माहीत असल्यावर शोधलेली, हे मात्र शेजारी लिहून ठेवायचे.

१९७१ वर फार वेळ घालवायला नको. ऑक्टोबरमध्ये हाँगकाँगला पहिला मोठा यशस्वी चित्रपट लागला, त्याच महिन्यात गुरू त्याच्या रवी-लग्नावरून गेला, वर्ष डुकराचे. डुकराचे वर्ष म्हणजे जुन्या जोडणीत गुरू धनूत. पुन्हा एकच साक्षीदार.

१९७३. २० जुलैला हाँगकाँगमध्ये मृत्यू, वय ३२, मेंदूला सूज. वर्ष बैलाचे, महिना मेंढ्याचा, त्याच्या दिवसाला कुत्रा: बैल-कुत्रा-मेंढा ही चिनी शास्त्रातली कुप्रसिद्ध ‘तिहेरी शिक्षा’ पूर्ण होते. पाश्चात्त्य पानावर नेपच्यून धनूच्या ५ अंशांच्या आसपास, नेमका रवी आणि लग्नावर. चौकशीत वेदनाशामक गोळीतल्या घटकाची अतिसंवेदनशीलता पुढे आली आणि नेपच्यून तर औषधांचा कारक. अशी मांडणी करणारे लेख भरपूर आहेत आणि वाचायला थरारक असतात.

हिशेब काय सांगतो? चार स्तंभांत कुठेतरी कुत्रा असण्याची शक्यता, चारही जागा स्वतंत्र धरल्या तर, एक वजा बारापैकी अकराचा चौथा घात: सुमारे २९ टक्के. म्हणजे जुलै १९७३ मध्ये जगातल्या दर दहा माणसांपैकी जवळजवळ तिघांची ‘तिहेरी शिक्षा’ पूर्ण झाली होती. नेपच्यून वर्षाला जेमतेम सव्वादोन अंश चालतो आणि वक्री होऊन परत येतो. नोव्हेंबरच्या त्या आठवड्यात जन्मलेल्या सगळ्यांच्या रवीवरून तो १९७३ च्या आगेमागे गेलाच. शिवाय भाग्यस्तंभ अजून बदललेला नव्हता, त्याला सात महिने होते. ‘स्तंभ बदलताना जीव धोक्यात’ या लोकप्रिय नियमात बसवायला तारीख ओढावी लागते. दोन्ही साक्षीदार स्वतंत्र आहेत हे खरे, पण दोघेही इतक्या जणांबद्दल तेच बोलतात की त्यातून एकाचे भविष्य काढता येत नाही. जिवंत जातकाच्या टिपणात ‘तिहेरी शिक्षा’ हा शब्दही येऊ नये. त्या कल्पनेने माणूस औषध सोडतो किंवा शस्त्रक्रिया पुढे ढकलतो, आणि मग जे नुकसान होते ते खरे असते.

बारा मिनिटे मागे

प्रत्येक एकत्रित वाचनात ही चाचणी करावी: जन्मवेळ थोडी हलवायची आणि काय कोसळते ते पाहायचे. इथे ७:१२ ऐवजी ७:०० घेऊ.

पाश्चात्त्य पानावर लग्न ६ अंशांवरून पावणेचार अंशांवर येते. रवी आता क्षितिजाखाली दीड अंश. प्लॅसिडस पद्धतीच्या भावांत (पहिला भाव लग्नबिंदूपासून सुरू) ७:१२ ला तो बाराव्या भावात होता, ७:०० ला पहिल्या भावात. एक रास एक भाव धरणाऱ्यांना दोन्ही वेळी पहिलाच. ‘बाराव्यातला रवी, म्हणून परदेश आणि एकांत’ असे लिहिलेले सगळे बारा मिनिटांच्या भरवशावर उभे असते.

चिनी पानावर परिणाम याहून मोठा. ७:०० ला मध्यम स्थानिक वेळ ६:५० येते, म्हणजे ससा. वेलांतर मिळवले तर ७:०२, म्हणजे ड्रॅगन. इथे दोन परंपरा फुटतात, म्हणून सुरुवातीलाच कोणता संस्कार वापरणार ते ठरवून लिहावे, उत्तर पाहून नव्हे. आम्ही खरी सौर वेळ धरतो, कारण तास ही सूर्याचीच जागा आहे.

ससा धरला तर तासाचा स्तंभ दिंग-माओ. मातीचा मोठा ढीग नाहीसा होतो, यिन अग्नी दुप्पट होतो, आणि ससा म्हणजे यांग लाकडाची ‘धार’, त्याचे सर्वांत उग्र बळ. शिवाय ससा कुत्र्याशी जुळतो, म्हणजे दिवसाला बसणारे धक्के मवाळ होतात. किंचित दुर्बळ झाड एकदम सबळ होते. आधी ज्या पाण्याची मदत मागितली होती, ते आता अडचण. १९७२ हे रन-त्झ वर्ष, वरखाली पाणीच पाणी, त्याच्या कारकिर्दीच्या शिखराचे. ड्रॅगनच्या तासाने ते आधाराचे ठरते, सशाच्या तासाने ओझ्याचे. इथे ‘१९७२ चांगले गेले, म्हणून ड्रॅगन खरा’ असे म्हणावेसे वाटते. एका घटनेवरून तास ठरवू नये. निदान पाच-सहा तारखा हव्यात, आणि त्यांत नियमाला न बसणाऱ्याही घ्याव्यात.

या चाचणीनंतर अंतिम पान लहान होते. त्यावर उरले ते असे. दिवस यांग लाकूड, समोर वर्षाचा धातू. चंद्रासमोर शनी: दबावाखाली वाढणारा स्वभाव, दोन्हीकडून स्वतंत्रपणे, वजन जास्त. वृश्चिकेतला मंगळ आणि छी-शा: लढाऊपणा, वजन मध्यम, कारण छी-शा वर्षाच्या अक्षरातून येतो आणि १९४० मध्ये यांग लाकडाच्या दिवशी जन्मलेल्या सगळ्यांना तो आहे. फेब्रुवारी १९६४ चा बदल: वजन मध्यम, तारखेत दोन-तीन महिने इकडेतिकडे धरून. १९७०: दिवसाची शाखा आणि चंद्र एवढ्यापुरतेच. रवी-लग्न-महिना-तास मिळून एकच नोंद, ‘हिवाळ्यातला सूर्योदय’. रवी कोणत्या भावात, झाड सबळ की दुर्बळ, हे दोन्ही प्रश्न समासात, शेजारी ‘वेळेवर अवलंबून’ असा शेरा. धनू-ड्रॅगन अशा १४४ जोड्यांच्या तक्त्यातले काहीच घेतले नाही. त्या जोडीत तर २३ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४० दरम्यान जगात जन्मलेले प्रत्येक मूल येते.